प्रश्न तेवढे पाठ होते

"चीनमध्ये सुनेनं सासूला उलट उत्तर दिलं," मी सांगत होते, "की वर्षभर तिला नुसते प्रश्न विचारायची परवानगी. मीठ हवं असलं तरी मीठ द्या म्हणायचं नाही. मीठ कुठं गेलं, असं विचारायचं."

"आणि भूक लागली तर?" गंगूकाकूंनी पावट्याची शेंग सोलता सोलता विचारलं.

"तर विचारायचं, आज या घरात उपाशी कोण आहे."

"आणि सासूच म्हणाली, मी आहे, तर?"

"तर सुनेला आणखी एक वर्ष."

बायका हसल्या. रेल्वे क्वार्टर्सच्या त्या नळाला दुपारी पाणी नसायचं, पण शेजारी लिंबाची सावली होती, म्हणून सगळ्या तिथंच बसायच्या. मी अठरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, लग्न कुठं जमत नव्हतं, आणि कुरुंद रोड जंक्शनात चिनी भाषा येणारी मी एकटी. हे शेवटचं गावाला मीच सांगितलेलं होतं.

"चिनी बोलणारी पोर कोणती गं तुमच्यात?"

फौजदार रणपिसे शिपायाला घेऊन लिंबाच्या पलीकडं उभे होते. कधी आले कळलंच नाही. बायकांचं हसू बंद झालं आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. बासष्टचा नोव्हेंबर होता. तिकडं बर्फात लढाई चालली होती, स्टेशनावरून फौजेच्या गाड्या जात होत्या, आणि आमच्याकडं लोकांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद डकवले होते.

"मी," मी म्हटलं.

"नाव काय?"

"मथुरा म्हेत्रे."

"किती येतं चिनी?"

आता इथं खरं बोलायला जागा होती. थोडंसं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पाच बायका ऐकत होत्या.

"सगळं येतं," मी म्हटलं.

दादा, म्हणजे माझे वडील, लोको शेडमध्ये फिटर. पाळी संपवून नुकतेच आलेले. तेलकट हात चिंध्यांना पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "अस्खलित येतं, साहेब. चार महिन्यांत शिकली. हेडमास्तरसुद्धा चकित झाले."

हेडमास्तरांना माझ्या चिनीबद्दल काहीही माहीत नव्हतं. दादांना ते मीच सांगितलं होतं.

"मग चल," रणपिसे म्हणाले. "लवानशेठच्या घरी. म्हेत्रे, तुम्हीपण या. पोरीची जात, एकटी नको."

आता लवानशेठ कोण ते सांगते. त्याचं खरं आडनाव ल्वान, गावानं त्याचं लवान केलं. तरुणपणी पाठीवर रेशमाचं गाठोडं बांधून चीनमधल्या शानतुंगहून आला, गावोगाव हिंडून कापड विकलं, आणि शेवटी स्टेशनरोडला दुकान काढून बसला. मराठी आपल्यासारखंच बोलायचा. लग्नाच्या शालूला त्याच्याकडचं रेशीम नाही असं घर गावात नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी त्यानं बायको आणली, शिऊलान. मी तिला शिऊवहिनी म्हणायची. निळा लांब झगा, खाली विजार, आणि केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. तिला ना मराठी, ना हिंदी. नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, आणि ही दुकानाच्या मागच्या खोलीत.

मॅट्रिकची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी भरतकाम शिकायला तिच्याकडं जायला लागले. ती सुई दाखवायची आणि काहीतरी म्हणायची. मी काहीतरी दाखवायची आणि ती म्हणायची, "शन्मा?" म्हणजे काय. हा माझा पहिला शब्द. मग शेइ, म्हणजे कोण. नाली, म्हणजे कुठं. शन्मा श-हौ, केव्हा. वेइ शन्मा, का. आठ दिवसांत मी सगळे प्रश्न पाठ केले आणि तिथंच थांबले. कारण माझ्या लक्षात आलं होतं, की प्रश्न आले की पुरतं. आपण एवढंसं विचारायचं, मग समोरचा बोलत बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं दोघं बोलतायत.

आणि चिनीत प्रश्न विचारणं तर फार सोपं. वाक्य बदलावं लागत नाही. जिथं उत्तर बसणार, तिथंच प्रश्नाचा शब्द बसवायचा. एस्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. माणूस आला की रुमाल उचलायचा. मला सगळे रुमाल टाकता यायचे. जागेवर येऊन बसणारी माणसं मात्र मला एकही ओळखता यायची नाहीत.

शिऊवहिनी बोलत सुटायची. तासन् तास. माहेरचं असेल, नवऱ्याचं असेल, देवाला माहीत. मी टाके घालत मान हलवायची, हं हं म्हणायची, मधेच "वेइ शन्मा?" विचारायची. मग ती आणखी जोरात सांगायची. कधीकधी डोळे पुसायची. मग मी पण पुसायची.

एकदा लवानशेठ घरी असताना ती म्हणाली, "शेइ तौ पू लाय." मला शेइ तेवढं कळलं. कोण येतं, असं विचारतेय असं समजून मी छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "मी येते की, वहिनी." ती हसली. लवानशेठ हातातलं कापड खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

"ते विचारलं नाही तिनं," तो म्हणाला. "आमच्यात कोण हा शब्द कोणीच्या जागीपण चालतो. ती म्हणाली, कोणीसुद्धा येत नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "चेष्टा केली."

"येतं ना तुला सगळं? ती मला म्हणते, मथूला सगळं कळतं. एक शब्द पुन्हा सांगावा लागत नाही."

"येतं की."

तो खूश झाला. बायकोचा हात धरून तिला काहीतरी म्हणाला. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी वारभर गुलाबी रेशीम आलं, चोळीला.

तर त्या दुपारी रणपिसे वाटेत चालता चालता म्हणाले, "हे बघ पोरी. वरून हुकूम आलाय, चिनी माणसांची चौकशी करायची. लवान घरी नाही. बाईला विचारायचंय तो कुठं गेला. उत्तरं सरळ आली तर दोघांना रोज ठाण्यावर हजेरी लावायला सांगीन, बाकी काही नाही. पण काही वाकडं निघालं तर राजस्थानात छावणी उघडलीय, तिकडं रवानगी. तिथून माणूस कधी सुटेल ते मला नाही माहीत. काय समजलीस?"

"समजले."

"तुझ्यावर आहे सगळं."

दादा माझ्याकडं असं बघत होते, जसं मी कलेक्टर झालेय.

शिऊवहिनीनं दार उघडलं. पोलीस बघून तिचा चेहरा उतरला, मग मी दिसले आणि तिनं मोठा श्वास सोडला. माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. सगळ्यांना बसायला स्टुलं दिली, कपात नुसतं गरम पाणी ओतून दिलं. त्यांच्यात पाहुण्याला तसंच देतात. शिपायानं कप हुंगून बाजूला ठेवला.

रणपिश्यांनी गुडघ्यावर पॅड घेतलं. "विचार. नवरा कुठं आहे?"

"था त्साय नाली?" मी विचारलं.

सुरेख विचारलं. आजही सांगते, असं विचारलं की चिन्यांनी वळून बघावं. शिपाई चपापला. दादांनी रणपिश्यांकडं बघून मान डोलावली.

आणि शिऊवहिनी बोलायला लागली. नेहमीसारखी भरभर नाही, आज थांबून थांबून, प्रत्येक शब्द दाताखाली धरून, जसं पाठ केलेलं म्हणतात तसं. बोलताना ती कोपऱ्यातल्या लाल ट्रंकेकडं बोट करत होती. एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबली आणि माझ्याकडं बघितलं. झालं, आता तू सांग, असं.

मला त्यातला एक शब्द कळला नव्हता.

तुम्ही म्हणाल, तिथं सांगून टाकायचं होतं. मी पण साठ वर्षं तेच म्हणतेय. पण दारात गंगूकाकू आणि क्वार्टर्सची अख्खी लाइन येऊन उभी होती. दादा होते. आणि दुसरंही होतं, ते खोटं नाही. मला वाटलं, मला येत नाही म्हटलं तर हे हिला आजच्या आज घेऊन जातील. त्यापेक्षा चांगलीशी उत्तरं मीच देते. लवानशेठ जातो तिकडंच गेला असणार.

"ती म्हणते, बार्शीकडं गेलाय," मी म्हटलं. "खेड्यापाड्यांत कापड विकायला. परवा येईल."

रणपिश्यांनी लिहिलं. "आणि ट्रंकेचं काय म्हणाली?"

"ट्रंकेचं?"

"बोट दाखवत होती ना."

"ती म्हणते, साहेब घरी आलेत तर त्यांना रेशीम दाखवू का."

त्यांचं पेन थांबलं. "पोलिसाला रेशीम? लाच देते का?"

"तसं नाही, साहेब. त्यांच्यात पद्धत आहे. पाहुण्याला घरातलं चांगलं दाखवायचं."

"पद्धत ठेवा म्हणावं घरात. गायकवाड, ट्रंकेला सील कर."

शिपायानं मेणबत्ती पेटवून लाख वितळवली. शिऊवहिनी उठली, ट्रंकेच्या आडवी उभी राहिली आणि पुन्हा तेच, तेच सगळं सांगायला लागली, या वेळी आणखी हळू. माझे दोन्ही खांदे धरून. मी म्हटलं, "हं, हं." काय करणार? तिला वाटलं, मी सांगते आता. ती बाजूला झाली.

"हिचा भाऊ तिकडं फौजेत कप्तान आहे असं गावात बोलतात," रणपिसे म्हणाले. "विचार."

हा कप्तान माझा. दिवाळीत नळावर मीच त्याला फौजेत घातला होता, घोड्यावर बसवून, डोळ्यावर पट्टी बांधून. त्याशिवाय गोष्टीला मजा नव्हती. आता तो काढायला हवा होता.

तिला काय विचारलं, आठवत नाही. शेइ घालून काहीतरी विचारलं असेल. ती दोन वाक्यं बोलली.

"भाऊच नाही म्हणते तिला," मी म्हटलं. "कोणीच नाही."

"बरं. घे, आता वाचून दाखव तिला."

"काय?"

"जबाब. तिच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. कबूल आहे म्हणाली की अंगठा. कायदा आहे तो."

मी कागद हातात घेतला. मराठीतल्या सात ओळी. वर दादा बघत होते, खाली शिपाई शाईचं पॅड उघडत होता. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि मला येणारे होते नव्हते ते सगळे प्रश्न एकामागून एक म्हटले. आरती म्हणतात तशा चालीत. तो कुठं आहे, कोण आलं, हे काय, केव्हा येणार, का, कसं, कुठं. शिऊवहिनीचं कपाळ आक्रसलं. मग तिनं माझ्याकडं बघून एकेक उत्तर द्यायला सुरुवात केली. माझा प्रश्न संपला की तिचं उत्तर. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. घाम फुटला होता तिला, पण एक चुकवलं नाही.

"कबूल म्हणतेय ना?" रणपिश्यांनी विचारलं.

"हो."

तिनं अंगठा दिला. माझ्याकडं बघत दिला, कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. खाली दुभाषी म्हणून मी सही केली. कु. मथुरा म्हेत्रे, मॅट्रिक. वाटेत दादांनी मला पेढे घेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवानशेठ मुंबईच्या गाडीतून उतरला. बार्शीच्या नव्हे, मुंबईच्या. स्टेशनावर गायकवाड शिपाई उभाच होता. दादा दुपारी जेवायला आले ते सांगतच.

"बाई बिलंदर निघाली, मथे. नवरा बार्शीला म्हणाली आणि हा मुंबईहून उतरतो. रणपिसे म्हणाले, सरळ असता तर बायकोनं खोटं कशाला सांगितलं असतं. आणि भाऊपण आहे तिला. ट्रंकेत फोटो निघाला, भावाचा. नाही म्हणाली होती ना?"

माझी भाकरी तव्यावर तशीच करपत राहिली. आईनं ओढून बाजूला केली.

"आता काय होणार त्यांचं?" आईनं विचारलं.

"राजस्थान. दोघंही. गुरुवारच्या पॅसेंजरनं."

"आणि भाऊ? खरंच कप्तान आहे?"

"शाळामास्तर आहे म्हणतो लवान. पण आता त्याच्यावर कोण विश्वास ठेवतंय."

गुरुवारी दुपारी मी स्टेशनवर गेले. क्वार्टर्समधून रूळ ओलांडला की प्लॅटफॉर्म. शिऊवहिनीला आधीच बायकांच्या डब्यात बसवलं होतं, दाराशी बंदूकवाला. लवानशेठला अजून चढवायचं होतं. तो बाकावर बसला होता, हातात बेड्या, बेड्यांवर कोणीतरी टॉवेल टाकलेला. मी पुढं जाऊन उभी राहिले. मला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला नाही.

"मथू," तो म्हणाला, "मला भेटू दिलं नाही तिला. तीन दिवस. म्हणून तुला विचारतो. तिनं काय सांगितलं?"

मी त्याच्या बेड्यांवरचा घसरलेला टॉवेल नीट केला.

"मी जाताना तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. कोणी आलं, विचारलं, तर मथूला बोलव आणि तिला सांग. नवरा मुंबईला गेलाय, आपले दोघांचे कागद नवीन करायला. फौजदारसाहेबांच्या नावानं अर्ज लिहून ठेवलाय, त्याची नक्कल लाल ट्रंकेत, निळ्या ठाणाच्या घडीत आहे. दहा वेळा म्हणून घेतलं. ती विसरणारी नाही. सांगितलं ना तिनं?"

"सांगितलं असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणजे?"

"मला कळलं नाही, शेठजी. मला काहीच कळत नाही. मला नुसतं विचारता येतं."

मला वाटतं त्याला भरतकामाच्या दुपारी आठवत असाव्यात, आणि तो घरी असला की बायको रात्री काय काय सांगायची ते.

"सात महिने," तो म्हणाला. "सात महिने ती तुझ्याशी बोलतेय."

"मग आता सांग," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "रणपिसेसाहेब तिकडं गार्डाजवळ आहेत. जाऊन सांग की तो जबाब तिचा नाही. पाण्याला थांबते गाडी इथं, अजून पंधरा मिनिटं आहेत. ट्रंक पुन्हा उघडा, निळी घडी उलगडा म्हणावं. मला सोडू नका हवं तर. तिला उतरवा."

मी पळत गेले. रणपिश्यांच्या समोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. बार्शी, ट्रंक, भाऊ, वाचून दाखवलेला जबाब, सगळं. आयुष्यात इतकं खरं मी एका वेळी कधी बोलले नव्हते.

रणपिश्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे तू खोटा जबाब लिहवलास? सरकारी कामात? तुझ्या सहीनं?"

"हो."

"पोरी, आत जाशील तू. कळतंय का? लढाई चालू आहे."

"जाईन."

दादा शेडमधून धावत येताना मला दिसले. कोणीतरी त्यांना कळवलं असणार. त्यांनी शेवटचं तेवढंच ऐकलं असेल, पण पुरेसं होतं. माझ्याकडं एकदा बघितलं. मला आजही वाटतं, त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलं. चार महिन्यांचं चिनी, हेडमास्तर, सगळं. मग ते रणपिश्यांकडं वळले आणि हसले.

"साहेब, हिचं काय मनावर घेताय. पोर गोष्टी रचते. लहानपणापासून सवय आहे. अख्ख्या लाइनीला विचारा."

"दादा, हे खरं आहे."

"बघा. असंच म्हणते प्रत्येक वेळी. त्या बाईवर जीव होता हिचा, भरतकाम शिकायची. आता दया आली. म्हणून म्हणते, माझीच चूक. मन हळवं आहे, साहेब. तिच्या लग्नाचं बघतोय मी."

त्यांचा हात माझ्या दंडावर होता. काळेनिळे वळ उठले होते नंतर.

रणपिसे आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते. त्यांना ते खरं असायला नको होतं, हे मला दिसत होतं. जबाब वर गेला होता.

"एक काम करू," ते म्हणाले. "माझ्यासमोर विचार तिला काहीतरी. साधं. कुठं चाललीस म्हणून विचार. बघू येतं का."

"विचारता येतं, साहेब. तेच सांगतेय. विचारता येतं, कळत नाही."

"विचार तर."

आम्ही डब्यापाशी गेलो. शिऊवहिनी खिडकीशी बसली होती, निळा झगा, केस तसेच घट्ट. मला बघून उठून उभी राहिली.

"नी छ्यू नाली?" मी म्हटलं.

मला वाईट विचारायला हवं होतं. अडखळायला हवं होतं. पण ते माझ्या तोंडातून आलं ते नेहमीसारखंच, सुरेख.

शिऊवहिनीनं दोन्ही हातांनी गज धरले.

"नाली?" ती म्हणाली.

"काय म्हणाली?" रणपिश्यांनी विचारलं.

"तीच मला विचारतेय," मी म्हटलं. "कुठं, म्हणून. तिला कोणी सांगितलंच नाही."

रणपिसे दादांकडं बघून हसले. "येतं की हो, म्हेत्रे. चांगलं येतं." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. सुटल्यासारखे दिसले. "सांग तिला. राजस्थान म्हणावं."

"राजस्थान," मी म्हटलं.

"लाच-स्तान," ती म्हणाली आणि मान हलवली. मी सांगितलं, म्हणजे गाव चांगलंच असणार, असं वाटलं असेल तिला.

"चला, चढवा त्याला," रणपिसे शिपायाला म्हणाले, आणि दादांच्या खांद्यावर हात ठेवून गार्डाच्या डब्याकडं निघाले. लवानशेठला माझ्यासमोरून नेलं. तो ऐकत होता सगळं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, बायकोकडंही नाही. बघितलं असतं तर तिला कळलं असतं. तो पुढच्या डब्यात चढला.

इंजिनाचं पाणी भरून झालं. शिऊवहिनीनं गजांतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं.

"ची थ्येन?" तिनं विचारलं.

हेही मला कळलं. किती दिवस. चिनीत कितीला दोन शब्द आहेत. आकडा मोठा असेल तर तुओशाओ म्हणतात. दहाच्या आतला असेल, बोटांवर मोजण्यासारखा, तर ची. तिनं ची विचारलं होतं.

मी चार बोटं वर केली.

तिनं ती एकेक करून धरून मोजली, आणि जागेवर जाऊन बसली.